भाग १७: चेक इंजिनचा दिवा लागलाय? आधी पार्ट नको, पुरावा घ्या

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे मात्र वहीतून पुन्हा तपासून लिहिलेत.)

[००:००] सुरुवात

आजचा भाग ॲपचा नाही, फोनचा नाही, नोकरीच्या मुलाखतीचाही नाही. आज आपण एका जुन्या व्हॅनच्या सीटखाली डोकं घालणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला, याचा गाडीशी काय संबंध? संबंध आहे. कारण आजकालच काय, पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीतसुद्धा एक छोटा कॉम्प्युटर बसलेला असतो, आणि तो आपल्यासारखाच लॉग लिहितो. तो लॉग वाचता आला तर पैसे वाचतात. तो चुकीचा वाचला तर पैसे जातात. माझं दोन्ही झालं, म्हणून सांगतोय.

[००:५०] गाडी, बाबा आणि तो पिवळा दिवा

आमची व्हॅन २०११ ची, पेट्रोल, बिनएसीची. मूळची पुण्याची, एमएच १२ पासिंग. बाबांनी २०१५ साली सेकंडहँड घेतली. सातपूरच्या कंपनीतली नोकरी सुटली होती, आणि नाशकात शाळेच्या मुलांची ने-आण करायची असं त्यांनी ठरवलं. माझी बीटेकची फी याच गाडीने भरली. त्यामुळे ती आमच्या घरात नुसती गाडी नाही. तिला नावं ठेवलेली आईला चालत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी कुरकुरायला लागली. लिटरला चौदा देणारी गाडी दहावर आली. सायलेन्सरला पेट्रोलचा वास यायचा. गरम असताना बंद करून पुन्हा चालू करायची म्हटलं की लांब सेल्फ मारावा लागायचा. गरम झाल्यावर आयडल खाली यायला हवं, तर ते चढंच राहायचं, गाडी उभ्या उभ्या गुरगुरायची. आणि डॅशबोर्डवर तो पिवळा चेक इंजिनचा दिवा.

गॅरेजवाल्या काकांनी स्कॅनर लावला. कोड आला पी०१७२. काका म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा बसवला, मजुरीसकट ४,२०० रुपये. दिवा गेला. पाचव्या दिवशी परत आला.

त्यात एक दिवस दुपारच्या फेरीत, द्वारका चौकाच्या गर्दीत, कूलंट उकळून टाकीतून बाहेर आलं. गाडीत सहा मुलं. बाबांनी सगळ्यांना खाली उतरवून सावलीत उभं केलं, दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन करून मुलं घरी पोचवली. संध्याकाळी दोन पालकांचे फोन आले. भांडले नाहीत ते. एवढंच विचारलं की, "काका, गाडी ठीक आहे ना?" पण असा प्रश्न दोनदा आला की पुढच्या महिन्यात मुलं कमी होतात, हे बाबांना माहीत होतं.

मी हिंजवडीहून दिवाळीला घरी आलो तेव्हा बाबांनी गाडी विकायचा विषय काढला. भंगारवाला सत्तर हजार द्यायला तयार होता. शाळा उघडायला अकरा दिवस होते. मी म्हटलं, "बाबा, मला आधी बघू द्या."

[०२:४०] कोड म्हणजे निकाल नव्हे

आधी थोडं समजून घेऊ. इंजिनमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे ठरवतो ईसीयू, म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. हा हिशोब जमवण्यासाठी ईसीयूला माहिती लागते: हवा किती आली, हवेचं तापमान किती, इंजिन किती गरम, थ्रॉटल किती उघडा, आणि जळून झाल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरला. यातली प्रत्येक गोष्ट एकेक सेन्सर सांगतो.

धुरातला ऑक्सिजन सेन्सर हा परीक्षक. साध्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये खालीवर होत राहतो. वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे हवा जास्त. परीक्षकाने "पेट्रोल जास्त आहे" म्हटलं की ईसीयू थोडं कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. आमच्या गाडीत ती होती उणे १७. म्हणजे ईसीयू सतत पेट्रोल कापत होता, आणि तरीही ते जास्तच पडत होतं. एका मर्यादेपलीकडे त्याने हात टेकले आणि पी०१७२ लिहून दिवा लावला.

पी०१७२ चा अर्थ फक्त एवढाच की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्या बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं, आणि आपण त्यालाच काढून फेकलं. आपल्या कामात एखाद्या फाइलच्या ४० व्या ओळीवर एरर येते, पण चुकीची व्हॅल्यू दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलमधून आलेली असते. तिथे आपण ४० वी ओळ डिलीट करतो का? गाडीत मात्र सर्रास करतो.

[०४:२०] आता माझी चूक ऐका

इथपर्यंत मी शहाणा वाटत असेन, तर थांबा.

मी ७५० रुपयांचा ब्लूटूथ डोंगल मागवला. ईएलएम३२७ नावाने मिळतात ते. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. बाजारातले स्वस्त डोंगल बहुतेक त्याची नक्कल असतात, पण कामापुरते चालतात. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी साधा जुना ब्लूटूथवाला घेऊ नका, तो जोडला जात नाही. वायफायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला बघा.

डोंगल स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. एप्रिल २०१० मध्ये पुणे-मुंबईसह १३ शहरांत बीएस-४ चे नियम आले, त्यासोबत गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची ओबीडी ही व्यवस्थाही आली. आमची गाडी पुण्याची असल्यामुळे हे सॉकेट नीट बोलत होतं. तुमची गाडी त्याच्या आधीची असेल तर सॉकेट असूनही ॲपला उत्तर मिळेलच असं नाही.

मी कोड वाचला, तोच पी०१७२. मग दोन-तीन व्हिडिओ बघितले. एकात सांगितलं होतं की मॅप सेन्सर खराब असेल तर हेच होतं. मॅप सेन्सर म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा. मी लगेच २,६०० रुपयांचा नवा मागवून बसवला. काही फरक पडला नाही. म्हणजे मी काकांचीच चूक केली, फक्त इंटरनेट लावून.

वाईट हे की जुना मॅप सेन्सर ठीक आहे की नाही हे फुकटात कळलं असतं. इंजिन बंद, चावी ऑन, आणि ॲपवर मॅपचा आकडा बघायचा. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये बाहेरचाच दाब असतो. समुद्रकिनारी तो साधारण १०१ किलोपास्कल, आणि नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे ९४-९५. जुना सेन्सर परत लावून बघितलं, ९४ दाखवत होता. ठणठणीत! बाबा काही बोलले नाहीत. जुना सेन्सर पुसून डब्यात ठेवला आणि म्हणाले, "असू दे, कामाला येईल."

त्या रात्री मी ठरवलं की आता एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. आधी पुरावा.

[०६:१०] बाबांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी बाबांना समोर बसवून विचारलं, दिवा नेमका कधी लागतो? ते म्हणाले, "दुपारच्या फेरीत. शेवटच्या मुलाला सोडताना." म्हणजे गाडी तासभर चालल्यावर. मग ते म्हणाले, "मला एकच कळत नाही. त्या दिवशी पाणी उकळलं तेव्हा काटा अर्ध्याच्या खाली होता. पाणी उकळतंय तर काटा खाली कसा?"

हा प्रश्न त्यांनी गॅरेजमध्येही विचारला होता. तिथे उत्तर मिळालं, पाणी कमी असेल. मलाही त्यांनी फोनवर विचारला होता. मी "बघतो" म्हणून सोडून दिला होता. उलट काटा खाली आहे म्हणून आम्ही सगळे खूश होतो, गाडी थंड चालतेय म्हणून!

ईसीयू कोड लिहितो तेव्हा त्या क्षणाचे आकडेही साठवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, म्हणजे अपघाताच्या जागेचा फोटो समजा. मी ती पहिल्या दिवशीच बघितली होती, पण नुसती नजर फिरवली होती. आता पुन्हा उघडली. वेग शून्य, आरपीएम ११५०, कूलंटचं तापमान ५३ अंश. तासभर चाललेल्या इंजिनचं तापमान ५३? निरोगी इंजिन पंधरा-वीस मिनिटांत ८० च्या वर जातं आणि तिथेच राहतं.

गुन्हा तिथे लिहिलेला होता. वाचायला बाबांचा "शेवटच्या मुलाला सोडताना" हवा होता.

[०७:३०] थंडीचं पेट्रोल

आता हे ५३ इतकं महत्त्वाचं का? इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलही चढं ठेवतो. जुन्या गाड्यांत सकाळी चोक ओढायचे, तेच काम. इंजिन तापलं की हे हळूहळू कमी होतं. पण ईसीयूला इंजिन तापलंय हे कळलंच नाही तर? तो चोक ओढूनच बसेल. चढं आयडल, पेट्रोलचा वास, काळे प्लग, कमी ॲव्हरेज, गरम असताना लांब सेल्फ, सगळी लक्षणं एका धाग्यात आली.

आणि रेडिएटरचा पंखा? आमच्या गाडीत तोही ईसीयूच चालू करतो, साधारण ९५ अंशांना. ईसीयूला ५३ दिसतंय तोवर तो पंखा कशाला लावेल? रस्त्यावर वेग असताना वाऱ्याने रेडिएटर थंड होतो. द्वारकेच्या गर्दीत वारा नाही, पंखा नाही. पाणी उकळणारच. डॅशबोर्डचा काटाही त्याच माहितीवर चालणारा, म्हणून तो शहाण्यासारखा खाली बसलेला.

एकच गोष्ट मला खटकत होती. तापमान सेन्सरचा कोड का आला नाही? कारण ईसीयू फक्त अशक्य आकड्यांवर संशय घेतो. वायर पूर्ण तुटली तर त्याला उणे ४० अंश दिसतात. नाशकात उणे ४०! लगेच कोड. वायर शॉर्ट झाली तर भलतंच गरम दिसतं, तेव्हाही कोड. पण ५३ हा अगदी सभ्य आकडा आहे. पटेल असं खोटं बोललं की पकडलं जात नाही, माणसांत काय आणि वायरिंगमध्ये काय.

[०९:००] तीन संशयित

आता संशयित तीन. पहिला थर्मोस्टॅट. ही कूलंटच्या वाटेतली झडप. साधारण ८२ अंशांना उघडते. ती कायमची उघडी अडकली तर इंजिन खरंच थंड राहतं, म्हणजे ५३ हे खरं असू शकतं. दुसरा सेन्सर स्वतः. तिसरी सेन्सर ते ईसीयूची वायर.

थर्मोस्टॅटवर बाबांच्या प्रश्नानेच संशय कमी झाला होता, कारण थंड इंजिनात पाणी उकळत नाही. तरी मोजलं. एसी दुरुस्ती करणाऱ्या मित्राकडून तापमान मोजायची बंदूक आणली. वीस मिनिटं गाडी फिरवली, ड्रायव्हरची सीट उचलली (या व्हॅनचं इंजिन तिथेच असतं) आणि थर्मोस्टॅटच्या घरावर बंदूक धरली. एक टीप: चकचकीत धातूवर ही बंदूक कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे आधीच काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवा. आकडा आला ८७. ॲपवर त्याच क्षणी ५४.

थर्मोस्टॅट सुटला. इंजिन गरम आहे, ईसीयूपर्यंत बातमी पोचत नाहीये.

आता सेन्सर. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. आमच्या सेन्सरचा साधारण तक्ता असा: २० अंशांना २४५० ओहम, ४० ला ११५०, ६० ला ५८०, ८० ला ३२०. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, पण ढब अशीच असते. चावी बंद केली, सेन्सरचा कनेक्टर काढला आणि मल्टीमीटर थेट सेन्सरच्या दोन पिनांना लावला. २६० ओहम. म्हणजे ८७ अंशांच्या आसपास. बंदूक म्हणते ८७, सेन्सर म्हणतो ८७. सेन्सर अगदी खरं बोलतोय!

इथे मी हात चोळायला लागलो, कारण नेहमीसारखं झालं असतं तर आम्ही पुढचा पार्ट हाच बदलला असता. ८०० रुपये, आणि दिवा परत पाचव्या दिवशी.

[१०:५०] पाच रुपयांचा नकली सेन्सर

राहिली वायर. इथे मला माझ्या धंद्यातली युक्ती सुचली. आपण एखादी सर्व्हिस तपासताना खरा डेटा काढून आपल्याला माहीत असलेला खोटा डेटा देतो आणि उत्तर काय येतं बघतो. तेच केलं. एम.जी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३३० ओहमचे चार रेझिस्टर आणले, पाच रुपयांत. त्यातला एक कनेक्टरमध्ये सेन्सरच्या जागी खोचला. ३३० ओहम म्हणजे ईसीयूने साधारण ७९ अंश दाखवायला हवेत. चावी ऑन केली. ॲपवर ५१.

झालं. इंजिन नाही, सेन्सर नाही, आणि तरीही आकडा चुकीचा. दोष कनेक्टर आणि ईसीयूच्या मध्येच कुठेतरी. ५१ अंश म्हणजे तक्त्यानुसार जवळपास ७८० ओहम. आपण दिले ३३०. मग वरचे ४५० ओहम वायरमध्ये लपून बसलेत.

आणि याच हिशोबाने माझी आणखी एक चूक उघडी पडली. पहाटे, रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन चालू करण्याआधी कूलंट आणि आत येणारी हवा दोन्हीचं तापमान सारखं दिसायला हवं. ही चाचणी मी आधी केली होती. हवा १८, कूलंट १४. चारच अंशांचा फरक म्हणून मी सोडून दिलं होतं. पण बघा, थंड असताना सेन्सरचे स्वतःचेच अडीच हजारांच्या वर ओहम असतात, त्यात ४५० म्हणजे चिमूटभर. गरम झाल्यावर सेन्सरचे उरतात २६०, आणि त्यात तेच ४५० म्हणजे मालकापेक्षा पाहुणा मोठा. म्हणून हा दोष सकाळी दिसत नाही, दुपारी दिसतो. गॅरेजमध्ये आपण गाडी कधी नेतो? सकाळी, थंड.

मग मी कनेक्टरच्या मागची वायर हळूच हलवली. ॲपवर ५१, ६६, ४८, परत ५१. मी ओरडलोच. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

[१२:४०] हिरवी वायर

वायरवरचं कव्हर इंचभर सोललं. आत तांबं दिसायला हवं, तिथे हिरवी पूड. दोन-तीनच तारा धड राहिल्या होत्या. बाबांनी लगेच ओळखलं. जुलैमध्ये वरची होज फुटली होती, कूलंट नेमकं या कनेक्टरवर सांडत होतं. होज बदलली, पण कनेक्टर पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन महिन्यांत त्याने वायर आतून खाल्ली.

दुरुस्ती साधी होती. बॅटरीची निगेटिव्ह काढली, खराब भाग चांगलं तांबं लागेपर्यंत कापला, तारा जोडलेला नवा कनेक्टर १८० रुपयांना आणला होता तो सोल्डर करून जोडला, वर हीट श्रिंक नळी चढवली आणि वायर होजपासून लांब बांधली. परत तो ३३० ओहमचा रेझिस्टर खोचला: ७९. मग खरा सेन्सर लावला, गाडी चालू करून अंगणात उभी केली. ७०, ८०, ८८, ९३... आम्ही दोघं फोनकडे बघत गप्प. ९५ ला पंखा फुर्र करून चालू झाला. बाबा म्हणाले, "तीन महिन्यांनी ऐकला हा आवाज."

मग कोड पुसला. पुढच्या दोन दिवसांत ट्रिम उणे १७ वरून उणे ३ वर आली. ॲव्हरेज तेराच्या वर गेलं. काळे झालेले प्लग साफ केले, तेवढ्यावर भागलं.

हिशोब सांगतो. न लागणारे पार्ट: ४,२०० अधिक २,६००, एकूण ६,८००. खरी दुरुस्ती: १८५. डोंगल ७५०, पण तो पुढेही कामाचा.

कनेक्टर घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. काकांना चूक दाखवायला नव्हे, खरंच सांगतो. त्यांच्याकडे दिवसाला दहा गाड्या, एका गाडीला अर्धा तास. कार्बोरेटरची गाडी ते नुसत्या आवाजावरून जुळवायचे. त्यांनी हिरवी वायर बोटाने घासून बघितली आणि म्हणाले, "होज मीच बदलली होती की." मग थोड्या वेळाने, "ते रेझिस्टरचं काय केलंस, परत एकदा सांग." उरलेले तीन रेझिस्टर मी त्यांनाच देऊन आलो.

[१४:३०] तुम्ही करायचं असेल तर या क्रमाने

एक, कोड पुसू नका. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. पुसलं की पुरावा गेला.

दोन, जो गाडी रोज चालवतो त्याला विचारा: कधी, किती वेळ चालल्यावर, चढावर की सिग्नलला, आणि त्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं? त्याला न पटलेली गोष्ट कोणती, हे जरूर विचारा.

तीन, लाइव्ह डेटा थंड आणि गरम दोन्ही वेळा बघा. पहाटे कूलंट आणि हवा सारखी हवी. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप तुमच्या गावच्या हवेच्या दाबाइतका हवा. गरम झाल्यावर कूलंट ८० च्या वर आणि स्थिर हवं. थ्रॉटलचा आकडा पॅडल हळू दाबल्यावर उडी न मारता चढायला हवा.

चार, ज्या आकड्यावर संशय आहे तो दुसऱ्या साधनाने मोजा. एकाच साक्षीदारावर फाशी नको.

पाच, सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर आणि वायर. जुन्या गाडीत इंजिनची उष्णता, पाणी, उंदीर आणि आधीच्या दुरुस्त्या यांचा पहिला मार वायरिंगवर बसतो. उघडून बघा, हलवून बघा.

सहा, रेझिस्टरची युक्ती दोन वायरच्या तापमान सेन्सरपुरतीच. मॅप, थ्रॉटल, क्रँक सेन्सर यांच्या कनेक्टरमध्ये काहीही खोचू नका. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हातही लावू नका.

ॲप नेमकं काय करतं याची उत्सुकता असेल तर हेही सांगतो. ॲप गाडीला विचारतं "०१ ०५", म्हणजे आत्ताचं कूलंट तापमान दे. गाडी म्हणते "४१ ०५ ७८". शेवटचे ७८ हे सोळाच्या पायातले, आपल्या नेहमीच्या मोजणीत १२०. त्यातून ४० वजा केले की ८० अंश. बस्स, एवढंच. घाबरण्यासारखं काही नाही.

पण सावधगिरी मात्र पाळा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. चावी बंद असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक फिरतो, बोटं आणि ओढणी लांब. चालत्या गाडीत ॲप बघायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. काम झालं की डोंगल काढून ठेवा, त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, उभ्या गाडीची बॅटरी उतरते. आणि ब्रेक, एअरबॅग, पेट्रोलची लाइन यात गडबड असेल तर सरळ जाणकाराकडे जा.

[१६:५०] शेवट

शाळा सोमवारी उघडली. बाबा सहा वाजता गाडी काढून गेले. सत्तर हजारांचा विषय परत निघाला नाही. ज्या दोन पालकांनी फोन केला होता त्यांना बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं की वायर खराब होती, बदलली, पंखा आता चालतो. दोन्ही मुलं अजून आमच्याच व्हॅनमध्ये आहेत.

डोंगल मी नाशकातच ठेवून आलोय. दर रविवारी दुपारी बाबा गाडी घेऊन भाजी आणायला जातात आणि परतल्यावर मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतात. खाली एकच ओळ असते. कालची होती, "८९. पंखा लागला. ट्रिम उणे २. हे बरोबर ना?"

बरोबर आहे, बाबा.

तुमच्या घरच्या गाडीला असं काही कोडं पडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि काटा खाली दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका.